कंपवाताचा रोगी आणि अंगणातले ऊन



कंपवात हे दुखणे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले असेल. हात बसल्या जागी थरथरू लागतो. तंबाखू मळावी तशी अंगठ्याची आणि बोटांची चाळवाचाळव चालते. अंग ताठते, पाऊल लहान पडते, चेहरा कोरा होतो, बोलणे तोंडातल्या तोंडात राहते. लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टराने १८१७ साली अशा सहा माणसांची हकीकत लिहून एक छोटेसे पुस्तक छापले, म्हणून या रोगाला आज पार्किन्सनचा आजार म्हणतात. त्या सहांपैकी दोघे त्याला रस्त्यात भेटले होते, आणि एकाला तर त्याने नुसते दुरून पाहिले होते. रोग ओळखायला त्याला तेवढे पुरले.

मला आज त्या दुरून दिसणाऱ्या थरथरीबद्दल बोलायचे नाही. ती दिसते, म्हणून घरचे लोक तिची काळजी करतातच. मला बोलायचे आहे ते कोणाला न दिसणाऱ्या हाडांबद्दल. या रोग्यांची हाडे त्यांच्या वयाच्या इतर माणसांपेक्षा अशक्त होतात. ही माणसे पडतातही अधिक; निम्म्याहून अधिक जण वर्षातून एकदा तरी पडतात. आणि ही दोन्ही एकत्र आली म्हणजे चालता माणूस एका रात्रीत खाटेला खिळतो. हाड मोडण्याचा धोका त्यांना इतरांच्या दुप्पट, किंवा त्याहूनही थोडा अधिक असतो.

आमच्या तालुक्यात एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांचे अक्षर म्हणजे नमुना. निवृत्त झाल्यावरही सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त तेच लिहीत. एके वर्षी सेक्रेटरीच्या ध्यानात आले की, ओळ सुरू होते तेव्हा अक्षर ठीक असते, पण ओळीच्या शेवटी ते मुंगीएवढे झालेले असते. शिक्षक बंधुभगिनींनी हे जरूर लक्षात ठेवावे. अक्षर असे बारीक होत जाणे ही या रोगाची एक आरंभीची खूण आहे. गुरुजी माझ्याकडे आले, मी त्यांना शहरात मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवले, निदान झाले. या रोगात मेंदूतले डोपामिन नावाचे द्रव्य कमी पडते. ते भरून काढणारी लिव्होडोपाची गोळी सुरू झाली आणि चांगला गुण आला.

पण पुढे काय झाले ते ऐका. एका बाजारच्या दिवशी गुरुजींचे पाऊल अडखळले, तोल गेला, आणि मागून कोणीतरी मोठ्याने म्हणाले, “गुरुजींनीसुद्धा घ्यायला सुरुवात केली वाटतं!” ज्या माणसाने आयुष्यात विडीसुद्धा ओढली नाही त्याच्या जिव्हारी ते बोलणे लागले. त्या दिवसापासून बाजार सुटला, मग देऊळ सुटले, मग ओटीवर बसणेही सुटले. माजघरात पलंग टाकला गेला. मुलगा आणि सून गुणी, त्यांनी चहापासून तांब्यापर्यंत सगळे हातात द्यायला सुरुवात केली. जवळजवळ दीड वर्ष गुरुजींच्या अंगावर ऊन पडले नाही. मग एका पहाटे ते लघवीला उठले, मोरीच्या उंबऱ्यापाशी पाय थबकला, धड पुढे गेले, आणि ते कुशीवर पडले. खुब्याचे हाड मोडले.

मुलगा मला म्हणाला, “डॉक्टर, पडले हो, म्हणून मोडलं.” मी म्हटले, “अहो, तुमचा पोरगा दिवसातून दहा वेळा पडतो, त्याचं काय मोडतं? आणि वडलांना बैलानं ढकललं होतं त्या वर्षी, तेव्हा मोडलं होतं का?”

मुलाला असे म्हणालो खरा, पण चूक माझीही होती. दर तीन महिन्यांनी मी गुरुजींचा हात पाहत होतो, चाल पाहत होतो, गोळ्यांचा हिशेब करीत होतो. बाहेर ऊन घेता का, वजन किती उतरले, गेल्या वर्षात कितीदा पडलात, हे मी एकदाही विचारले नव्हते.

आता हाडाचे काम कसे चालते ते पाहू. घराचा वासा एकदा बसवला की बसवला. हाड तसे नाही. ते जिवंत असते. शेताचा बांध जसा पावसात कुठे ना कुठे ढासळतो आणि आपण तो दर वर्षी पुन्हा घालतो, तसे जुने हाड झिजणे आणि नवे भरणे आयुष्यभर चालू असते. आपण उभे राहिलो, चाललो, ओझे उचलले, की त्या भाराने शरीराला निरोप मिळतो की इथे भर घाला. भार पडेनासा झाला की भर घालणे मंदावते, झिजणे मात्र चालूच राहते. अंतराळात जाणाऱ्या धडधाकट माणसांचे खुब्याचे हाडसुद्धा महिन्याला शेकडा एक ते दीड इतके घटते, कारण तिथे हाडावर वजनच पडत नाही. मग पलंगावर बसून राहिलेल्या सत्तरीच्या माणसाचे काय होत असेल!

ही भर मुख्यतः कॅल्शियमची, म्हणजे चुन्याच्या अंशाची असते. तो अंश अन्नातून मिळतो, पण आतड्यातून रक्तात नीट ओढला जायला ड जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व कमी पडले की लहान मुलांना मुडदूस होतो हे आपल्या आज्यांनाही माहीत होते. मोठ्या माणसांचे पाय वाकत नाहीत. त्यांची हाडे आतून दुबळी होतात, कंबर आणि मांड्या ठणकतात, मांडीचे स्नायू ढिले पडतात, खाली बसले तर हात टेकल्याशिवाय उठवत नाही. कंपवाताच्या घरात गोंधळ होतो तो इथेच. रोगी म्हणतो, उठवत नाही. घरचे म्हणतात, रोगच तसा आहे. सगळी उधारी कंपवाताच्या खात्यावर मांडली जाते आणि ड जीवनसत्त्वाचे खाते कोणी उघडूनही पाहत नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्या देशात उन्हाला काय तोटा? उन्हाला तोटा नाही, पण ते कातडीवर पडायला हवे ना! आंध्रातील तिरुपतीच्या परिसरात शहरातल्या आणि खेड्यातल्या माणसांची तपासणी झाली होती. शेतात राबणाऱ्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व शहरवासीयांपेक्षा जास्त निघाले, पण कमतरता त्यांच्यातही थोडीथोडकी नव्हती, आणि बायकांत ती पुरुषांहून अधिक होती. आपल्या सावळ्या वर्णाला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ ऊन लागते. वय झाले की कातडीची हे जीवनसत्त्व बनवण्याची ताकदही पुष्कळ उतरते. आणि कंपवाताच्या रोग्याला तर अंगणात यायचीच चोरी! चाल मंद, मनात शरम, वर घरच्यांची धास्ती, की बाहेर गेले तर पडतील.

ऊन कोणते घ्यावे याची एक सोपी खूण सांगतो. उन्हात उभे राहून आपली सावली पाहावी. ती आपल्यापेक्षा लांब असेल तर त्या उन्हात उबेपलीकडे फारसे काही नाही. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ते ऊन कामाचे. वैशाखात सकाळी साडेनऊच्या सुमारासच सावली आखूड होते, तेव्हा तेवढ्यावर उरकावे; भर दुपारी म्हाताऱ्या माणसाला रखरखाटात मुळीच बसवू नये. मार्गशीर्ष-पौषात मात्र सावली दुपारी बाराच्या आगेमागेच काय ती आखूड होते, म्हणून थंडीत भाकरी खाण्याआधी अंगणात बसावे. कोवळे ऊन फार गुणाचे असा आपला समज आहे. ते सुखाचे आहे, यात शंका नाही, पण ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत ते थिटे पडते. तोंड, हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत उघडे ठेवून वीस मिनिटे ते अर्धा तास, आठवड्यातून चार-पाच दिवस. डोक्यावर टोपी किंवा पदर असू द्यावा. बंद खिडकीच्या काचेतून येणारे ऊन यासाठी उपयोगाचे नाही, कारण हवा असलेला किरण काच अडवते.

या रोगात, आणि त्यावरच्या औषधांनीही, उभे राहताना रक्तदाब एकदम उतरून घेरी येते. म्हणून आधी पाणी प्यावे, बसल्या बसल्या पाय दहा-वीस वेळा हलवावेत, मग उठावे. ऊन घ्यायला म्हणून नेले आणि अंगणातच पडले, असे व्हायला नको.

ऊन असूनही पुष्कळांना वरून औषध लागतेच. रक्ताची तपासणी करता येते. एका मिलिलिटर रक्तात २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी भरले तर कमतरता समजतात. पण इथे मला जरा कडक शब्दांत बोलले पाहिजे. ६०,००० एककांची पुडी किंवा गोळी मिळते, ती बहुधा आठवड्याला एक, आणि तीही डॉक्टरांनी सांगितले तितकेच आठवडे घ्यायची असते. रोजची गरज ६०० ते ८०० एककांची! मी अशी घरे पाहिली आहेत जिथे चिठ्ठीवरचे अक्षर न लागल्याने ती पुडी रोज दुधात घातली जात होती. जास्त झालेले हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही; ते साठते. रक्तात कॅल्शियम वाढते, मग तहान, मळमळ, शौचाला खडा होणे, भ्रम, आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच ५,००,००० एककांचा मोठा डोस देऊन पाहिला होता. २०१० साली निष्कर्ष आला तेव्हा दिसले की त्या बायका कमी नव्हे, अधिक पडल्या, आणि त्यांची हाडेही अधिक मोडली. तेव्हा थोडके आणि नेमाने हेच बरे.

दुसरे असे की, ड जीवनसत्त्वाने कंपवात बरा होतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तसे सिद्ध झालेले नाही. कंपवात आणि हाडे या विषयावर जपानातील एका डॉक्टरांचे निबंध एके काळी फार नावाजले गेले होते. गोळ्या दिल्या आणि खुब्याची हाडे मोडायची कितीतरी कमी झाली, असे त्यांत होते. २०१६ सालापासून ते एकामागून एक मागे घेतले गेले, कारण त्यांतले आकडे विश्वासार्ह नव्हते. म्हणून मी आज तुम्हांला चमत्कार सांगत नाही. कमतरता असेल तर ती भरून काढावी, एवढेच माझे सांगणे आहे.

हाडे फारच विरळ झाली असतील तर त्यासाठी निराळी औषधे आहेत. आठवड्याला एक घ्यायची गोळी असते. ती उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर गिळून अर्धा तास ताठ बसावे लागते. कंपवाताच्या रोग्याला गिळायला त्रास असेल तर ती घशात अडून अन्ननलिका सोलवटते. अशांना वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे औषध असते. डॉक्टरांना विचारायला संकोचू नये, आणि गिळताना ठसका लागतो हे आपण होऊन सांगावे.

खाण्यापिण्यात नवे काही आणायला नको. नाचणी घ्या; शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि मोठ्या माणसाला दिवसाला हजार मिलिग्रॅम पुरते. घोटभर अंबील, एक भाकरी, वाटीभर दही, भाजीवर तिळाचे कूट; कोकणातल्या मंडळींनी काट्यासकट खायची बारीक मासळी. कंपवातात वजन उतरते, कारण अंगाची थरथर आणि ताठरपणा शक्ती खातात आणि जेवायला वेळ लागतो म्हणून माणूस अर्ध्या पोटी उठतो. वजन उतरले की हाडही उतरते. दर महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवावे.

मात्र एक पथ्य आहे. लिव्होडोपाची गोळी दुधाबरोबर किंवा जेवणाबरोबर देऊ नये. दूध, डाळ, अंडी, मटण यांतली प्रथिने आणि ही गोळी एकाच दारातून आत शिरायला धडपडतात, आणि मग गोळी बाहेर राहते. गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, साध्या पाण्याबरोबर द्यावी. रक्तवाढीसाठी लोहाची गोळी असेल तर तिच्यात आणि हिच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे. यावरून काही लोक दूध-डाळच बंद करतात. तसे करू नका, ती हाडांना आणि स्नायूंना हवीच आहेत. फक्त वेळ सांभाळा.

आता पडण्याविषयी. कंपवाताचा रोगी सपाट रस्त्यावर कमी पडतो. पडतो तो दारात, वळताना, आणि घाईत. दारापाशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी आपण काय करतो? त्यांचा हात धरून ओढतो. धड पुढे येते, पाय तिथेच राहतात, आणि माणूस तोंडावर पडतो. ओढू नये. थांबू द्यावे, मोठ्याने “एक, दोन, एक, दोन” म्हणावे, म्हणजे पाऊल उचलते. वळताना जागच्या जागी गिरकी घेऊ देऊ नये. बैलगाडी वळवतो तसे मोठे वळण घ्यावे. चालत असताना हातात तांब्या देऊ नये आणि प्रश्नही विचारू नये. बोलायचे असेल तर उभे राहून बोलावे.

आणि शिक्षकांना आवडेल अशी एक युक्ती आहे. जिथे पाय थबकतात तिथे जमिनीवर एकेका पावलाच्या अंतराने आडव्या रेघा ओढाव्यात. मोकळ्या जमिनीवर चिकटलेला पाय रेघ ओलांडताना सुटतो. मेंदूतला जो भाग आपोआप चालवतो तो या रोगात थकलेला असतो. डोळ्यांपुढे रेघ आली की दुसऱ्या वाटेने काम निघते. यासाठी खडूपलीकडे खर्च नाही. रात्री मोरीच्या वाटेवर एक बारीक दिवा चालू ठेवावा, गोधडीची किनार आणि सैल चटई वाटेतून काढावी, मोरीत धरायला भिंतीत पक्का दांडा ठोकून घ्यावा, धोतर किंवा लुगडे पायात येत असेल तर वर खोचावे, सपातेऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल घालावी.

तरीही पडलेच, आणि पाय टेकवेना, किंवा एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर चोळू नये, शेकू नये, हाडवैद्याकडे नेऊ नये. फळीवर किंवा खाटेवर घालून थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया होता होईल तो एक-दोन दिवसांत व्हावी. पडून राहणाऱ्याला छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात.

रुग्णालयात जाताना कंपवाताच्या गोळ्यांची डबी आणि वेळांचा कागद बरोबर न्यावा. गुरुजींच्या बाबतीत इथेच अडचण आली. हाड बसवायची तयारी उत्तम झाली, पण तिथे गोळ्या सर्व खाटांना एकदम, आपल्या ठरल्या वेळी वाटत. गुरुजींची सकाळची गोळी चार तास मागे पडली आणि ते लाकडासारखे ताठ झाले, पाणीही गिळवेना. उलटी होऊ लागली तेव्हा नेहमीचे मेटोक्लोप्रमाइडचे इंजेक्शन देणार होते. सुदैवाने सुनेने कागद दाखवला. हे औषध, आणि भ्रमात बडबडणाऱ्या रोग्याला शांत करायला देतात ते हॅलोपेरिडॉल, ही दोन्ही या रोगात बिघाड करतात. ही दोन नावे कागदावर ठळक लिहून डबीलाच बांधून ठेवा. डॉक्टरांना सांगण्यात त्यांचा अपमान नाही. दिवसाला शंभर रोगी पाहणारा माणूस विसरू शकतो.

गुरुजी वाचले. चार महिने चालण्याची काठी, मग साधी काठी. रक्त तपासले तेव्हा ड जीवनसत्त्व ९ निघाले होते; ते औषधाने भरून काढले. आता ते रोज अंगणात खुर्ची टाकून बसतात. सुरुवातीला शेजारची पोरे हात थरथरवून नक्कल करीत, तेव्हा गुरुजींनीच त्यांना जवळ बोलावून हा काय रोग आहे ते समजावून सांगितले; पाढे म्हणायला लावले ते वेगळेच. मोरीच्या वाटेवरच्या रेघा पुसट झाल्या की सून पुन्हा ओढते. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा गुरुजी तिला म्हणत होते, “अगं, रेघा सरळ ओढ. वाकड्या रेघेवरून मला चालवत नाही.”